टचपॅडची वही

अगं, परवा रात्री पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज मी तीनदा ऐकला. एकदा अर्धवट झोपेत, मग सकाळी चहा ठेवताना, आणि परत बसमध्ये. असाइनमेंट सबमिट करायची वेळ, कर्सर उडी मारून भलत्याच बटणावर गेला, झाकण मिटून उघडलं तर टचपॅड ठप्प, आणि शेवटी तुझं ते वाक्य, ‘ताई, आता याचा ड्रायव्हर मीच लिहिणार.’ आवाज रडवेला होता, पण ते वाक्य बोलताना कापला नाही. म्हणून म्हटलं, आज निवांत बसून बोलू या.

लिही. सगळ्यात आधी हेच सांगते. हॉस्टेलमध्ये तुला कुणीतरी म्हणालं ना, साधा माउस आण आणि मोकळी हो? त्यातला माउस आणच. ड्रायव्हर लिहिताना टचपॅड शंभर वेळा बंद पडणार आहे, तेव्हा तोच कामी येईल. पण मोकळी होऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपमध्ये जी चिप आहे, तीच आणखी कितीतरी लॅपटॉपमध्ये असते. बाबांनी जसा तुला सेकंडहँड घेऊन दिला, तसेच कुणीकुणी पोटाला चिमटा काढून घेतलेले असतात. तुझ्या हातून एक दुरुस्ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, गेली, तर ती त्या सगळ्यांपर्यंत पोचते, आणि त्यांना तुझं नावही माहीत असायची गरज नसते. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं.

आता एक अट. आज कोड लिहायला बसायचं नाही. एक वही घे, साधी दोनशे पानी. पुढचे आठ दिवस फक्त लिहून काढायचं की टचपॅड नेमकं काय करतो. ‘बिघडलाय’, ‘वेड्यासारखा वागतो’ हे चालणार नाही. कधी, कशानंतर, किती बोटं होती, चार्जर लावला होता का, हात ओले होते का, झाकण मिटलं होतं का. बेभरवशाचं यंत्रसुद्धा बहुधा ठरलेल्या रीतीनेच दगा देतं. ती रीत सापडली की ड्रायव्हर अर्धा लिहून झाला असं समज.

पहिल्या पानावर हाताने बघायच्या गोष्टी. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेव आणि चारही पाय टेकतात का बघ. मग टचपॅडवर स्टीलची पट्टी आडवी धर. मधोमध फुगवटा दिसला तर थांब. पुष्कळ लॅपटॉपमध्ये बॅटरी बरोबर तिथेच खाली असते. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की आत वायू साठून ती फुगते आणि टचपॅडला खालून रेटते. मग क्लिक लागत नाही, किंवा न दाबता लागतं. असं असेल तर चार्जिंगला लावायचा नाही, वरून दाबून सपाट करायला जायचं नाही, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. ही आग लागण्यासारखी गोष्ट आहे, यात मला तुझं काही ऐकायचं नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंग. टचपॅडच्या काचेखाली बारीक तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागेची कपॅसिटन्स जराशी बदलते, एका पिकोफॅरडच्याही अंशाने, आणि तेवढ्यावरून चिपने बोट ओळखायचं असतं. चार्जरमधून विजेची खरखर आली आणि तिला जमिनीत जायला वाट नसली, तर चिपला जिथे बोट नाही तिथेही बोट दिसायला लागतं. तुमच्या हॉस्टेलच्या एक्स्टेन्शन बोर्डाला तिसरं भोक असेल, पण आत त्याला तार जोडलेली आहे का, देव जाणे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती नसते.

हे मला कसं कळलं ते सांगते. पहिल्या नोकरीत माझ्याकडे एक टचपॅड आला होता, त्याचा कर्सर मधूनच थरथरायचा. मी तीन आठवडे बसून बोटाच्या जागा गुळगुळीत करणारी गाळणी लिहिली. मागच्या पाच जागांची सरासरी घ्यायची, फार लांबची जागा आली तर सोडून द्यायची, असं बरंच काही. थरथर कमी झाली, पण कर्सर चिखलातून चालल्यासारखा जड झाला. एका संध्याकाळी शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर सहकारी आले, त्यांनी काही न विचारता माझा चार्जर उपटला आणि म्हणाले, आता बघ. थरथर गेली होती. त्यांनी भिंतीतला सॉकेट उघडून दाखवला, अर्थची तार सुटून लोंबत होती. ती तीन आठवड्यांची गाळणी मी त्याच रात्री काढून टाकली. मला त्या आठवड्यांचं वाईट वाटलं ते कष्टांसाठी नाही. मी त्या यंत्राचं ऐकलंच नव्हतं, त्याचं वाईट वाटलं. तो बिचारा खरं तेच सांगत होता, की इथे वीज खरखरते आहे. म्हणून तुझ्या वहीत दोन स्तंभ हवेत, चार्जर लावून आणि चार्जर काढून. पावसाळ्यात तिसरा कर, तळहाताला घाम असताना.

हे सगळं नीट असेल, तरच आत जायचं. आत म्हणजे कुठे, ते समजून घे. बोटापासून कर्सरपर्यंत निरोप चार-पाच हातांतून जातो. जाळीवरून चिपकडे. चिपकडून दोन तारांवरून, यालाच आयटूसी म्हणतात, बसच्या ड्रायव्हरकडे. तिथून माउस-कीबोर्डसारख्या साधनांची बोली समजणाऱ्या एचआयडीच्या थराकडे. तिथून बोटं मोजणाऱ्या मल्टिटच ड्रायव्हरकडे. मग कर्नलच्या बाहेर, हालचालींचा अर्थ लावणाऱ्या लिबइनपुटकडे, आणि शेवटी पडद्यावर. यातला कुठला हात निरोप सांडतो, हे न बघता मधेच नवा हात बसवलास तर निरोप आणखी सांडेल.

जुन्या लॅपटॉपात हा रस्ता निराळा होता. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ जोडणीवर टचपॅड स्वतःला माउस म्हणवून घ्यायचा आणि माउससारखे तीन-तीन बाइट पाठवायचा. सिनॅप्टिक्सच्या टचपॅडची खरी ओळख पटवायला एक गुपित थाप होती. ड्रायव्हरने ‘रिझोल्यूशन ठेव’ ही माउसची साधी आज्ञा चार वेळा द्यायची, दर वेळी तिच्यात दोन-दोन बिट लपवायचे, आणि मग ‘तुझी स्थिती सांग’ म्हणायचं. साध्या माउसला यातलं काही कळत नाही, तो मुकाट रिझोल्यूशन बदलतो. टचपॅड मात्र मधल्या बाइटमध्ये ठरलेला आकडा ठेवून उत्तर देतो, हेक्समध्ये ४७. मग ड्रायव्हरने तशी आज्ञा दिली की तो सहा बाइटांत बोलायला लागतो. बोट कुठे आहे, किती जोरात टेकलं आहे, सगळं सांगतो. ही कंपनी १९८६ मध्ये फेडेरिको फॅगिन आणि कार्व्हर मीड यांनी काढली. इंटेलच्या ४००४ प्रोसेसरमागचा फॅगिन तोच. जुन्या माउसच्या बोलीतच नवं बोलणं बसवून घेण्याची ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा रात्रभर डोक्यातून गेली नव्हती.

त्या सहा बाइटांत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पहिल्या बाइटचे वरचे दोन बिट नेहमी एक आणि शून्य असतात, चौथ्याचे एक आणि एक. वाटेत एखादा बाइट हरवला तर पुढचे सगळे एकेक घर सरकतात, बोटाची जागा म्हणून भलताच बाइट वाचला जातो आणि कर्सर कोपऱ्यात जाऊन आदळतो. ड्रायव्हर म्हणून दर वेळी ते बिट तपासतो. जुळले नाहीत तर पाकीट फेकतो आणि कर्नलच्या नोंदीत ‘लॉस्ट सिंक’ असं लिहितो. लागोपाठ ठरावीक वाईट पाकिटं आली की तो टचपॅडला नव्याने सुरू करतो, आणि हा आकडा आपल्याला बदलताही येतो. तुझ्या ड्रायव्हरचा सांगाडा हाच ठेव. आलेल्यावर लगेच विश्वास नाही, तपास, वाईट असेल तर सोड, फारच झालं तर नव्याने सुरुवात कर.

तुझा लॅपटॉप बहुधा आयटूसीवाला आहे. कर्नलची नोंद दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा चालव आणि तिच्यात आयटूसी-एचआयडीच्या ओळी शोध. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ च्या वेळी ही पद्धत ठरवली, आणि लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर ३.८ या कर्नलपासून आहे, म्हणजे फेब्रुवारी २०१३ पासून. तो लिहिला बेंजामिन तिस्वार यांनी. म्हणजे तुला कोऱ्या पाटीवर लिहायचं नाहीये, चालत्या घरात एक खोली दुरुस्त करायची आहे. मला ठाऊक आहे, हे ऐकून तू जराशी हिरमुसशील. हिरमुसू नकोस. लोकांनी दहा-बारा वर्षं राबवलेला कोड वाचण्यासारखं दुसरं शिक्षण नाही.

आता वही हातात घेऊन तीन थरांवर कान लाव. एचआयडी-रेकॉर्डर तुला चिपकडून आलेले कच्चे बाइट दाखवतो. इव्हटेस्ट दाखवतो की कर्नलने त्यातून काय अर्थ काढला. आणि ‘लिबइनपुट रेकॉर्ड’ तेच घटनाक्रम म्हणून फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाला दाखवता येतं. कच्चे बाइट बरोबर आणि अर्थ चूक, तर दोष कर्नलमध्ये. बाइटच चूक, तर दोष चिपमध्ये किंवा तारेत. लिबइनपुटने ‘कर्नल बग’ असं लिहून पुढे ‘टच जंप डिटेक्टेड अँड डिसकार्डेड’ म्हटलं असेल, तर बोटाने अशक्य उडी मारल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती टाकून दिली, असा अर्थ. ती ओळ तारीख-वेळेसकट वहीत उतर.

तू सांगितलेलं दुखणं क्रमांक एक, झाकण मिटून उघडलं की तो मुका होतो. यावर जरा थांबू या, कारण माझे डोळे उघडले ते याच दुखण्याने.

टचपॅडला काही सांगायचं असलं की तो एक वेगळी तार खाली ओढतो, यालाच इंटरप्ट म्हणतात. आयटूसीच्या या पद्धतीत, कर्नल निरोप वाचून नेईपर्यंत तो ती तार सोडत नाही. दारावर उभं राहून बेलचं बटण दाबून ठेवल्यासारखं. आता कर्नलला दोन प्रकारे ऐकता येतं. एक म्हणजे बेल वाजते आहे तोवर दार उघड. दुसरा म्हणजे बेल वाजायला लागली, त्या क्षणाकडेच लक्ष ठेव. पहिल्याला लेव्हल म्हणतात, दुसऱ्याला एज. लॅपटॉप झोपेतून उठताना टचपॅड आधी जागा झाला, त्याने तार खाली ओढली, आणि कर्नलचे कान तेव्हा अजून उघडले नव्हते, तर एजवाल्याचा तो क्षण हुकतो. त्यानंतर टचपॅड बटण दाबून उभाच. कर्नल नव्याने वाजण्याची वाट बघत बसलेला. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही जन्मभर थांबणार.

माझ्याकडे असाच एक आला होता. मी दोन दिवस ड्रायव्हरमध्ये छापायच्या ओळी घालत बसले होते, आणि त्यातली एकही छापली जात नव्हती. मग प्रोकमधली इंटरप्ट्स ही फाइल उघडली. तिच्यात प्रत्येक इंटरप्टच्या नावापुढे तो किती वेळा आला त्याचा आकडा असतो. टचपॅडवर बोट फिरवत मी ती फाइल पुन्हा पुन्हा वाचली. झोपवण्याआधी आकडा भराभर चढत होता. उठवल्यावर बोट फिरवून फिरवून गरम झालं, तरी आकडा जागचा हलला नाही. तेव्हा समजलं की माझा कोड चुकत नव्हता, त्याला कुणी बोलावतच नव्हतं. दुरुस्ती एका शब्दाची निघाली, एजच्या जागी लेव्हल. पण तो शब्द सापडायला आधी तो थांबलेला आकडा दिसावा लागला.

आणि दोष कधीकधी शेजारच्या घरात असतो बरं. २०२० मध्ये काही नव्या लॅपटॉपांचा टचपॅड लिनक्सवर चालेचना. लोक टचपॅडच्या ड्रायव्हरमध्ये शोधत होते. शेवटी निघालं असं, की पिनांचा कारभार बघणारा ड्रायव्हर इंटरप्टचा प्रकार ठरवताना परस्पर डिबाउन्सची, म्हणजे तारेवरची क्षणिक थरथर अडवणारी, गाळणीही लावत होता. तार हलायची, पण गाळणीत निरोप अडायचा. गाळणी लावणाऱ्या ओळी काढून टाकल्या, आणि टचपॅड चालू लागला.

क्रमांक दोन, भुताचं बोट. तुझं बोट एकच आहे, तरी कर्सर न हलता पान सरकतंय, असं तू म्हणालीस. कर्नल प्रत्येक बोटाला एक स्लॉट देतो आणि त्यात एक क्रमांक ठेवतो. बोट उचललं की चिपने तसं सांगायचं आणि कर्नलने स्लॉट रिकामा करायचा. तो ‘उचललं’चा निरोप हरवला की बोट तिथेच राहतं. मग तू एक बोट टेकवतेस, तो दोन मोजतो, आणि दोन बोटं म्हणजे स्क्रोल. कर्नलच्या मल्टिटच ड्रायव्हरमध्ये यावर फार समंजस तोड आहे. बोट टेकलेलं असेपर्यंत चिपने बोलत राहायचं असा नियम आहे. म्हणून बोट टेकलेलं दिसतंय आणि १०० मिलिसेकंद काहीच निरोप नाही, तर ते उचललं असं धरून स्लॉट मोकळा करायचा. ही तोड तुझ्या चिपला लागू आहे का ते आधी बघ. लागू असेल आणि नुसती सुरू केलेली नसेल, तर तुझं काम एका यादीत एक ओळ वाढवण्याचं आहे.

याच्याच शेजारचं एक दुखणं लक्षात ठेव. कर्सर छान चालतो, पण दोन बोटांनी काहीच होत नाही. असे टचपॅड सुरू होताना माउस म्हणूनच उठतात. कर्नलने त्यांच्या ‘इनपुट मोड’मध्ये ३ हा आकडा लिहिला की मग ते टचपॅड होतात. झोपेतून उठल्यावर चिप हे विसरली आणि कर्नलने परत सांगितलं नाही, तर ती माउसच राहते.

तिसरं दुखणं तू सांगितलं नाहीस, पण तुला भेटणार आहे. आयटूसीवरच्या प्रत्येक निरोपाचे पहिले दोन बाइट म्हणजे त्याची लांबी. या तारा मोकळ्या असताना रोधकांनी वर ओढून धरलेल्या असतात. म्हणून पलीकडून कुणी काही बोललंच नाही आणि तरी वाचलंस, तर सगळे बिट एक येतात. दोन्ही बाइट एफ-एफ. म्हणजे टचपॅड तुला सांगतोय की माझा निरोप ६५,५३५ बाइटांचा आहे! तुझी जागा असेल जेमतेम साठ-सत्तर बाइटांची. त्या लांबीवर विश्वास ठेवून कॉपी केलंस तर कर्नलची मेमरी तुडवली जाते, आणि मशीन अशा ठिकाणी पडतं की टचपॅडचा संशयही येणार नाही. म्हणून लांबी आधी तुझ्या जागेशी ताडून बघ. शून्य लांबी हा चूक निरोप नाही बरं, रीसेट झाल्यावर चिप ‘मी आले’ असं त्यानेच सांगते. कर्नलच्या आयटूसी ड्रायव्हरमध्ये या एफ-एफवाल्या चिपांसाठी वेगळी यादी आहे. म्हणजे हे पाहून चक्रावलेली तू पहिली नाहीस.

या सगळ्यानंतरही स्वतंत्र मॉड्यूल लिहावंसं वाटलं, तर लिही, शिकण्यासाठी लिही. प्रोब, इंटरप्ट, रिमूव्ह, एवढ्या तीन जागांत जीव आहे. प्रोबमध्ये चिप आहे का ते विचार आणि इनपुट डिव्हाइस नोंदव. इंटरप्ट हाताळताना मात्र एक हिशेब करून बघ. आयटूसी सेकंदाला चार लाख ठोक्यांनी चालत असेल आणि एका बाइटला नऊ ठोके लागत असतील, तर तीस बाइटांच्या निरोपाला जवळपास पाऊण मिलिसेकंद जातो. प्रोसेसरच्या मानाने हा काळ फार मोठा, आणि इंटरप्टच्या पहिल्या क्षणात कर्नल थांबू शकत नाही, झोपू शकत नाही. म्हणून थ्रेडेड इंटरप्ट मागायचा, म्हणजे वाचायचं काम वेगळा धागा करतो आणि तो निवांत थांबू शकतो. वनशॉट हा झेंडा लावायला विसरू नकोस, नाहीतर लेव्हलची बेल वाचून होईपर्यंत एकसारखी वाजत राहील.

रिमूव्हकडे मुलं लक्षच देत नाहीत. मॉड्यूल काढताना आधी इंटरप्ट बंद, मग मागे ठेवलेली कामं रद्द, आणि सगळ्यात शेवटी मेमरी मोकळी. उलट केलंस तर मोकळ्या केलेल्या जागेत एखादा उशिरा आलेला निरोप लिहिला जातो. डेव्हएम या उपसर्गाची फंक्शन्स वापरलीस तर ती घेतलेल्याच्या उलट क्रमाने आपोआप सोडतात, पण तो क्रम तुझ्या डोक्यातही असू दे. शंभर वेळा मॉड्यूल घाल, शंभर वेळा काढ, आणि काढताना टचपॅडवर बोट फिरवत राहा. हे नुसतं वाचून सोडू नकोस, खरंच कर.

आणि हे करताना मशीन पडणार. कर्नलमध्ये तुला थोपवणारं कुणी नसतं, एक चुकीचा पॉइंटर आणि सगळं गोठतं. म्हणून प्रोजेक्टची फाइल पेनड्राइव्हवर, जुना चालता कर्नल सुरुवातीच्या यादीत शाबूत, यूएसबी माउस जोडलेला, आणि परीक्षेच्या आठवड्यात हात लावायचा नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल बहुधा घेणारच नाही, तेव्हा घाबरून जाऊ नकोस. तुझ्या कोडचा त्यात काही दोष नसतो.

दुरुस्ती कुठे ठेवायची यावर माझं मत पक्कं आहे. जितक्या वरच्या थरात भागेल तितक्या वर ठेव. दाबाचा उंबरठा चुकला असेल तर लिबइनपुटची क्वर्क्सची, म्हणजे यंत्रांच्या खोडींची, फाइल पुरे, तिथे कर्नलला हातही लावावा लागत नाही. चिप स्वतःच्या निरोपाचा नकाशा चुकीचा सांगत असेल, म्हणजे रिपोर्ट डिस्क्रिप्टरमध्ये खोट असेल, तर कर्नल ६.३ पासून, म्हणजे २०२३ पासून, एचआयडी-बीपीएफ आहे. छोटासा प्रोग्राम कर्नलमध्ये घालून तो नकाशा वाटेतच दुरुस्त करता येतो, आणि तो चालण्याआधी कर्नल त्याची तपासणी करतो, त्यामुळे मशीन पडण्याची धास्ती फार कमी. मी शिकत होते तेव्हा हे नव्हतं. इंटरप्ट, झोपणं-उठणं, रीसेट यांतली खोट मात्र कर्नलमध्येच दुरुस्त व्हायला हवी.

शेवटी दुरुस्ती पाठवायची वेळ येईल, आणि मला वाटतं तू तिथेच अडशील. कोड चालला की तू फाइल बंद करून ठेवशील, ‘माझ्यापुरतं झालं’ म्हणशील. शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी तू असंच केलं होतंस, मला आठवतंय. या खेपेला करायचं नाही. कर्नलच्या सोर्स-कोडमध्येच चेकपॅच नावाची स्क्रिप्ट आहे, ती मांडणीच्या चुका दाखवते. दुसरी एक स्क्रिप्ट सांगते की हा भाग कोण सांभाळतं, पॅच, म्हणजे तुझी दुरुस्ती, कुणाला पाठवायचा. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून तुझं खरं नाव घालायचं. ही रीत २००४ पासून आहे, हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तू त्यातून सांगतेस. पॅचच्या वर जे चार परिच्छेद लिहायचे, त्यात तुझी वही उतरव. काय दिसत होतं, कशाने होत होतं, बदल काय केला, आणि कुठल्या मशीनवर किती वेळा झोपवून-उठवून पाहिलं. कोड दोन ओळींचा असेल आणि वर्णन पानभर, तर त्यात काही वावगं नाही.

तो भाग सांभाळणाऱ्यांचं उत्तर रुक्ष येईल. ‘हे असं का?’ एवढंच. ‘हे इथे नको.’ एवढंच. त्यात ‘छान प्रयत्न’ वगैरे नसेल. ते तुझ्याबद्दल बोलत नाहीत, त्या ओळीबद्दल बोलतात, आणि ज्याला ओळ वाचावीशीच वाटली नसती त्याने उत्तरही दिलं नसतं. माझा पहिला पॅच चौथ्या खेपेला गेला. दुसऱ्या खेपेला मी गादीवर पडून रडले होते, आईला सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी दाखवलेली चूक खरंच चूक होती, ती तशीच गेली असती तर कुणाचं तरी मशीन पडलं असतं.

एकटं वाटलं तर आउटरीची नावाची इंटर्नशिप बघून ठेव, वर्षातून दोनदा असते, पैसेही देतात. कर्नलची मंडळी तिच्यात २०१३ पासून आहेत, आणि कितीतरी मुलींचा पहिला पॅच तिथूनच गेलाय. पुस्तक हवं असेल तर ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ची तिसरी आवृत्ती नेटवर मोफत आहे. २००५ ची आहे, त्यातली पुष्कळ फंक्शन्स आता बदलली, त्यामुळे कोड उतरवू नकोस. पण इंटरप्ट आणि लॉकिंगची प्रकरणं जेवण झाल्यावर सावकाश वाच.

रविवारी सकाळी फोन करते. जागी राहा आणि वही समोर घेऊन बस. मला आधी इंटरप्टच्या ओळीतले दोन आकडे सांग, झाकण मिटण्याआधीचा आणि उघडून बोट फिरवल्यानंतरचा. आणि तो एक्स्टेन्शन बोर्ड उद्याच वॉर्डनना दाखव.